गाव गेलं, पोल्का राहिली

दर मंगळवारी संध्याकाळी सहाला आमच्या कॉयरची, म्हणजे गायकवृंदाची, तालीम असते. नोव्हेंबरात फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात साडेतीनच्या सुमारास अंधारून येतं, त्यामुळे सहाला घराबाहेर पडायचं म्हणजे झोपेतून उठून निघाल्यासारखं वाटतं. पोचल्यावर बूट दाराशी काढायचे, जाकीट खुंटीला लावायचं, काळी फाइल उचलायची आणि आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचं. ही खुर्ची सात वर्षांपासून माझी आहे. दुसरी खुर्ची माझ्या शेजारणीची. ती सत्याऐंशी वर्षांची. फिनिशमध्ये सगळेच सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, तसं मीही तिला नावानं आणि ‘तू’नं हाक मारते. पहिली दोन वर्षं मात्र प्रत्येक ‘तू’च्या आधी माझी जीभ अडखळायची. आपल्याकडे एवढ्या वयाच्या बाईला ‘तू’ म्हटलं असतं तर आईनं तिथल्या तिथं कान धरला असता.

कॉयरमध्ये आले ती गाण्याच्या हौसेनं नव्हे. नवऱ्याच्या नोकरीमागे इथं आले तेव्हा भाषेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या, व्याकरण मी शिकवते, उच्चार मात्र तू गाऊन शिक. त्यांचं खरं होतं. फिनिशमध्ये ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की आग विझवायला जकात अधिकारी यायचा. गाण्यात निदान किती लांबवायचं ते कागदावर लिहिलेलं असतं. एक फायदा आपल्याला आयता मिळतो. त्यांचा जो दोन टिंबांचा आ, तो म्हणजे सरळ आपला ‘ॲ’. वर्गातला ब्राझीलचा मुलगा त्या एका स्वरापायी महिनाभर घाम गाळत होता आणि मी पहिल्या दिवसापासून शहाणी ठरले होते.

६ डिसेंबर हा इथला स्वातंत्र्यदिन. १९१७ साली फिनलंड रशियापासून वेगळा झाला. त्याआधी १०८ वर्षं रशियाच्या झारकडे आणि त्याच्याही आधी कित्येक शतकं स्वीडनकडे. त्या संध्याकाळी घराघरांच्या खिडकीत दोन-दोन मेणबत्त्या लावतात. फटाके नाहीत, लाउडस्पीकर नाहीत, मिठाई नाही. पहिल्या वर्षी रस्त्यावरून चालताना मला वाटलं, कुणी मोठं माणूस गेलं की काय. आमची कॉयर त्या दिवशी गाते, म्हणून ऑक्टोबरपासून फाइलमध्ये देशभक्तीची गाणी येऊन पडतात.

त्यात पहिलं अर्थातच ‘माम्मे’, म्हणजे ‘आमचा देश’. कायद्यानं अजूनही त्याला राष्ट्रगीत म्हटलेलं नाही, केवळ रिवाजानं ते राष्ट्रगीत आहे. ह्याची कुळकथा ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले होते. शब्द योहान लुडविग रूनेबेर्ग यांचे आणि मुळात स्वीडिश भाषेतले. चाल फ्रेडरिक पासियुस यांची, आणि ते तर हॅम्बर्गचे जर्मन. १३ मे १८४८ रोजी हेलसिंकीजवळच्या एका माळावर विद्यार्थ्यांच्या वसंतोत्सवात ते पहिल्यांदा त्या चालीवर गायलं गेलं. आज जो फिनिश अनुवाद गातात तो त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आला. वर हीच चाल समुद्रापलीकडच्या एस्टोनियाचंही राष्ट्रगीत आहे. म्हणजे फिनलंड-एस्टोनिया सामना असला की एकच चाल दोनदा वाजते आणि दोन्ही बाजू आलटून पालटून सद्गदित होतात.

गाण्याची एकूण अकरा कडवी. गातात फक्त पहिलं आणि शेवटचं. मला फाइलमध्ये कुणीतरी अकराच्या अकरा कडवी असलेला जुना कागद घालून दिला होता आणि मी भाबडेपणानं शब्दकोश घेऊन दुसरं कडवं वाचायला बसले. त्यात लिहिलंय : आमचा देश गरीब आहे आणि सोनं शोधणाऱ्याला तो गरीबच वाटत राहील. परका त्याला टाकून जाईल, पण आम्हाला हाच सगळ्यांत प्रिय.

राष्ट्रगीतात ‘आम्ही गरीब आहोत’ असं कोण लिहितं? सुजल नाही, सुफल नाही. खडक, दलदल, हजारो तळी आणि वर्षातले सहा महिने गोठलेली जमीन, हे झाकायचं सोडून त्यावरच अभिमान उभा केलेला. मग लक्षात आलं की हा एकट्या रूनेबेर्गचा स्वभाव नव्हे. इथल्या प्रत्येक प्रांताचं आपलं गीत असतं. ईशान्येकडच्या काइनू प्रांताच्या गीताचं नाव आहे ‘नॅल्कॅमान लाउलु’, म्हणजे ‘उपासमारीच्या भूमीचं गाणं’. शब्द इल्मारी कियान्तोचे, चाल ओस्कार मेरिकान्तोची, साल १९११. काइनूची माणसं हे गाणं उभं राहून, छाती पुढे काढून म्हणतात. आपल्या दुष्काळी तालुक्याचं गौरवगीत ‘आम्ही दुष्काळी’ असं सुरू झालं तर आधी पालकमंत्री उठून जातील.

पण मी अडकले ती ‘परका’ ह्या शब्दाशी. फिनिश शब्द आहे ‘विएरास’. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, “विएरास म्हणजे परका. आणि विएरास म्हणजे पाहुणासुद्धा.” मग क्षणभर थांबून, “तू त्यातली कुठली, ते तूच ठरव.” फिनिश विनोद हा असा असतो. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

*

खरं गाणं समजलं ते मात्र राष्ट्रगीतातून नाही, बोटांवर मोजताना.

आमच्या कंडक्टरनं एकदा गळा मोकळा करायला कालेवालातल्या ओळी आणल्या. कालेवाला हे इथलं राष्ट्रीय महाकाव्य. एलियास ल्योनरूत नावाच्या शिंप्याच्या मुलानं, जो पुढे कायानी गावचा जिल्हा डॉक्टर झाला, त्यानं पायी आणि बर्फावरून भटकत लोकगीतं उतरवून घेतली आणि १८३५मध्ये ती एकत्र ओवून छापली. १८४९ची वाढीव आवृत्ती ५० सर्गांची आणि २२,७९५ ओळींची आहे. कंडक्टरनं टेबलावर ठोकत म्हटलं, “वाका वान्हा वॅइनॅमोइनेन.” धीरगंभीर वृद्ध वॅइनॅमोइनेन. मी सवयीनं अंगठा पेरांवर फिरवला. वा-का-वान्-हा-वॅइ-नॅ-मोइ-नेन. आठ. पुढची ओळ, आठ. त्याच्या पुढची, आठ. माझ्या डोक्यात आपोआप दुसरंच काही वाजायला लागलं : जे-का-रं-ज-ले-गां-ज-ले. आठ! तुकोबांचा लहान अभंग आणि हा कालेवालातला म्हातारा एकाच पेरावर येऊन थांबत होते.

ह्यातून काही नातंबितं सिद्ध होत नाही. आठ हा आकडा माणसाच्या श्वासाला सोयीचा असेल, एवढंच. आणि फरकही मोठा आहे. आपल्याला यमक ओळीच्या शेवटी लागतं, ह्यांना सुरुवातीला. वाका, वान्हा, वॅइनॅमोइनेन, ‘व’ला ‘व’ भेटला की झालं. शिवाय एक ओळ म्हटली की दुसरी ओळ तेच वेगळ्या शब्दांत सांगते. घाई नाही. चाल बहुतेकदा पाच मात्रांची आणि पाचच सुरांत फिरणारी. जुन्या कांतेलेला, म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायच्या त्यांच्या तंतुवाद्याला, तारा तेवढ्याच असायच्या. पाच तारांची कांतेले मी एकदा हातात घेतली आहे. आपल्या स्वरमंडळाची धाकटी बहीण म्हणावी अशी, आणि आवाज इतका हळू की शेजारी चहा ढवळला तरी बुडावा.

ह्या ‘राष्ट्रीय’ महाकाव्याची गंमत अशी की त्यातला मोठा भाग फिनलंडच्या हद्दीबाहेरून आला आहे. ल्योनरूतचा सगळ्यांत मोठा गायक आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा सीमेपलीकडच्या रशियन कारेलियातला, लात्वायार्वी गावचा शेतकरी. १८३४मध्ये ल्योनरूत त्याच्याकडे गेला तेव्हा आर्हिप्पा दिवसचे दिवस गात राहिला आणि चार हजारांहून अधिक ओळी देऊन गेला. लारिन पारास्के ही अशीच दुसरी मोठी गायिका, सेंट पीटर्सबर्गच्या बाजूच्या इंग्रिया भागातली, पण कालेवाला छापून झाल्यानंतरच्या काळातली. तिच्या तोंडून बत्तीस हजारांहून अधिक ओळी लिहून घेतल्या गेल्या. १८९१मध्ये तरुण सिबेलिउस, जो पुढे फिनलंडचा सगळ्यांत नामवंत संगीतकार झाला, तिचं गाणं ऐकायला पोर्वो गावी गेला होता. मोठमोठ्या चित्रकारांनी तिला समोर बसवून चित्रं काढली, ती आज संग्रहालयांत आहेत. पारास्के मात्र १९०४मध्ये गरिबीतच गेली. ही गोष्ट मला नवी वाटली नाही. ओव्या गाणाऱ्या बायांचं आपण फार निराळं काय केलं?

कालेवालात साम्पो नावाची एक अद्भुत वस्तू आहे. लोहार इल्मारिनेन ती घडवतो आणि मग सगळी भांडणं तिच्यापायी. वस्तू कसली, तर जातं! एका बाजूनं पीठ दळतं, दुसऱ्या बाजूनं मीठ, तिसऱ्या बाजूनं पैसा. युद्धात ते समुद्रात पडून फुटतं आणि किनाऱ्याला तुकडे लागतात. रथ नाही, धनुष्य नाही, अमृत नाही. उपाशी देशाच्या महाकाव्यात सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे न थांबणारं दळण.

आणि कांतेले? कालेवालात वॅइनॅमोइनेन मोठ्या पाइक माशाच्या जबड्यापासून ती बनवतो आणि वाजवल्यावर त्याचे स्वतःचेच अश्रू ओघळतात. पण ल्योनरूतनंच १८४०मध्ये छापायला घेतलेल्या ‘कांतेलेतार’ ह्या भावगीतांच्या संग्रहात पहिलंच गाणं म्हणतं : माशाच्या हाडाचं वाद्य वगैरे सांगणारे खोटं बोलतात. वाद्य दुःखाचं केलेलं आहे, काळज्यांतून घडवलेलं आहे. एकाच माणसानं पाच वर्षांत आधी दंतकथा छापली आणि मग ती खोडणारं गाणंही छापलं. दुसरं बहुतेक बायकांकडून आलेलं असणार, असं मला उगाच वाटतं.

*

सगळीच गाणी अशी मवाळ नाहीत. मागच्या वर्षी कंडक्टरनं ‘याकारी मार्च’ काढला. पहिल्या महायुद्धात रशियाविरुद्ध लढायला काही फिनिश तरुण लपून जर्मनीत जाऊन लष्करी शिक्षण घेत होते, त्यांचं हे संचलनगीत. चाल १९१७ची, सिबेलिउसची. शब्द त्यांच्यातल्याच एकाचे, आणि पहिल्या ओळीपासून दात-ओठ खाल्लेले : आमचा वार खोल, आमचा संताप अजिंक्य. तालावर पाय आपोआप हलतो. पण आमच्या टेनरमधल्या, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांमधल्या, एका सत्तरीच्या गृहस्थांनी फाइल मिटली, खुर्चीवर ठेवली आणि ते कॉफी ओतायला निघून गेले. कुणी काही बोललं नाही. कंडक्टरनं पान उलटलं.

शेजारणीनं नंतर सांगितलं. १९१८च्या पहिल्या महिन्यांत इथं यादवी झाली, एका बाजूला समाजवादी ‘लाल’ आणि दुसऱ्या बाजूला सरकारपक्षाचे ‘पांढरे’. तीस लाखांच्या देशात पस्तीस हजारांहून जास्त माणसं गेली. ताम्पेरे म्हणजे लाल कामगारांचा बालेकिल्ला. ते ६ एप्रिलला पडलं. त्यानंतर कैद्यांच्या छावण्यांत हजारो माणसं भुकेनं आणि साथींनी मेली. टेनरचे आजोबा अशाच छावणीत होते. परत आलेले याकारी तरुण तेव्हा पांढऱ्यांच्या बाजूनं लढले होते. शंभर वर्षं उलटली तरी ताम्पेरेत ते गाणं सगळ्यांचं होत नाही. ते कार्यक्रमात आलं नाही आणि मला बरं वाटलं. चाल कितीही झोकदार असो, जे गाणं ऐकून शेजारच्या माणसाला उठून जावं लागतं, ते स्वातंत्र्यदिनी कशाला?

त्याऐवजी ‘फिनलांदिया’. ह्याला मात्र कुणी उठत नाही. १८९९च्या फेब्रुवारीत झारनं फिनलंडची स्वायत्तता आवळणारा जाहीरनामा काढला. नोव्हेंबरात पत्रकारांच्या पेन्शन फंडासाठी म्हणून एक समारंभ झाला. खरा हेतू सगळ्यांना माहीत होता. त्यातल्या शेवटच्या प्रवेशाला सिबेलिउसनं जे संगीत दिलं तेच पुढे फिनलांदिया झालं. सेन्सॉरला चुकवण्यासाठी ते भलत्याच नावांनी वाजवलं जाई. मधली ती संथ प्रार्थनेसारखी धून ऐकून पुष्कळांना ती लोकधून वाटते, पण ती सिबेलिउसची स्वतःची आहे. आज तिच्यावर गातात ते शब्द आले चाळीसेक वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आफ्रिकेत १९६७मध्ये बियाफ्रा नावाचा देश जन्मला आणि अडीच-तीन वर्षांत संपला, त्याच्या राष्ट्रगीताची चालही हीच होती. आल्टोंना ह्यात काम फार नाही, बराच वेळ एका सुराच्या आसपास घुटमळत राहायचं. पण तो एक सूर धरून उभं राहिलं की वरून सोप्रानो आणि खालून बास अंगावर येतात, आणि भिंतीतल्या विटेला काय वाटत असेल ते कळतं.

पुण्याच्या माझ्या मावसभावाला ह्यातलं काही सांगायला गेले तर तो व्हॉट्सॲपवर हिरवी कांद्याची पात फिरवणाऱ्या कार्टून मुलीचा व्हिडिओ पाठवतो आणि विचारतो, “हे तुमच्याकडचंच ना?” तुमच्याकडचं! हो रे बाबा, आमच्याकडचं. ‘इएवान पोल्का’, सावो भागातल्या बोलीतलं, आईचा डोळा चुकवून पोरीबरोबर नाचणाऱ्या पोराचं गाणं. लोइतुमा नावाच्या चौकडीनं ते १९९५मध्ये नुसत्या गळ्यावर गायलं आणि अकरा वर्षांनी ती कार्टून मुलगी त्याला चिकटली. फिनिश लोकसंगीत जगभर पोचलं ते असं, पातीच्या जुडीवरून.

*

पोल्काचा विषय निघाला की शेजारीण तोंड उघडते.

‘सॅक्कियॅर्वी पोल्का’ ही सॅक्कियॅर्वी गावच्या नावाची, ॲकॉर्डियनवरची नाचाची धून. व्हिल्यो वेस्तेरिनेननं १९३९मध्ये तिची रेकॉर्ड केली. १९३९-४०च्या युद्धात सोव्हिएत संघाकडे गेलेलं वीपुरी शहर १९४१च्या उन्हाळ्याअखेर फिनिश सैन्यानं परत घेतलं. ह्या वेळी फिनलंड जर्मनीच्या सोबतीनं लढत होता, हे इथले लोकही हल्ली मान खाली घालूनच सांगतात. माघार घेताना सोव्हिएत सैन्यानं शहरात रेडिओवर उडणारे सुरुंग पेरून ठेवले होते. ठरावीक लहरीवर तीन सुरांचा एक संकेत आला की स्फोट. दोन-चार उडाल्यावर फिनिश तंत्रज्ञांना ही युक्ती उमगली. उपाय असा निघाला की त्याच लहरीवर इतका गोंगाट करायचा की संकेत पोचूच नये. प्रक्षेपणाची गाडी आणली, आणि हाताला लागलेली रेकॉर्ड सॅक्कियॅर्वी पोल्काची. लावली. संपली की पुन्हा लावली. दिवस-रात्र, सप्टेंबर ते फेब्रुवारी, सुरुंगांच्या बॅटऱ्या मरेपर्यंत. पंधराशेहून अधिक वेळा वाजली असं सांगतात. त्या गाडीत ड्यूटीला बसलेल्या माणसाचा मला नेहमी विचार येतो. त्यानं पुढे आयुष्यात कुणाच्या लग्नात ही धून लागली तर काय केलं असेल?

१९४४मध्ये वीपुरीही गेलं आणि सॅक्कियॅर्वीही. कारेलियाचा तो पट्टा सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसं घरंदारं सोडून पश्चिमेला आली. युद्धानंतर पोल्काला जे शब्द चढले त्यात म्हटलंय : सॅक्कियॅर्वी आता आपलं राहिलं नाही, पण पोल्का तेवढी उरली. आणि हे सगळं उड्या मारायच्या तालावर.

शेजारीण तिकडचीच. सॅक्कियॅर्वीची नव्हे, पण त्याच मुलखातली. पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा ती पाळण्यात होती. १९४२मध्ये सगळे परत गेले. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा सहा वर्षांची. तिला आठवतं ते इतकंच : गाय आधी रवाना झाली होती, गाडी दारात उभी होती आणि आई घराची जमीन पुसत होती. कोपऱ्याकोपऱ्यातून. “येणाऱ्यांना वाटू नये की इथं घाणेरडी माणसं राहत होती.” नव्वदच्या दशकात ती बसनं गाव बघायला गेली. दगडी पायऱ्या होत्या, लायलॅकचं झुडूप होतं. घर नव्हतं.

हे तिनं एकाच तालमीत सांगितलं नाही. सात वर्षांच्या कॉफीच्या सुट्यांत तुकड्या-तुकड्यानं आलं. मध्ये पुल्ला, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव. वेलदोडा इथं भरपूर खातात, माझ्या घरापासून सहा हजार किलोमीटरवर तो वास आला तेव्हाच मला वाटलं होतं, निभेल.

परवाच्या मंगळवारी तिनं उलटं मला विचारलं. “तुझी आजी काय गायची?”

माझी आजी वाईजवळच्या गावातली. पहाटे दळायची तेव्हा गायची. मला फक्त सुरुवात आठवते, “पहिली माझी ओवी गं”, पुढचं सगळं विसरलंय, तेही मी तिला सांगून टाकलं. सूर तेवढा हळूच गुणगुणून दाखवला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “जात्यावर एकटी बसायची?”

नाही. समोर काकू असायची. दोघी समोरासमोर, एकच खुंटा धरून. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची.

मग तिनं जे सांगितलं ते मी नंतर घरी जाऊन पुन्हा वाचलं. अठराव्या शतकात तुर्कूच्या पोर्थान नावाच्या विद्वानानं लिहून ठेवलंय की जुने फिनिश गायक दोघं समोरासमोर बसत, एकमेकांचे हात धरून झुलत. एक ओळ म्हणे, दुसरा ती परत म्हणे. खरोखर किती जण तसे बसत ह्यावर अभ्यासकांचा वाद आहे. तिला वादाशी देणं-घेणं नव्हतं. तिनं साखरेचं भांडं आमच्या दोघींच्या मध्ये ओढलं, त्यात चमचा उभा खोचला आणि म्हणाली, “कुठल्या बाजूला फिरवतात?”

मी चमचा धरला. तिची बोटं माझ्या बोटांच्या वर. उजवीकडे, असं. थोडी साखर टेबलावर सांडली. तिनं ‘वाका वान्हा’ सुरू केलं, मी नुसता आकार धरला, आठवर थांबत, आठवर थांबत. पलीकडे टेनर कॉफीचा कप हातात धरून बघत राहिले. तेवढ्यात कंडक्टरनं टाळी वाजवली आणि आम्ही चमचा तसाच साखरेत उभा सोडून आपापल्या खुर्च्यांकडे गेलो.